छायाचित्र : कला कीं यंत्राचें काम?

छायाचित्र हें यंत्राचें काम, त्यांत कला कसली, असें म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांस अद्याप भेटतात. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंत स्वतः रेखाटलेल्या चित्रापुढें बसतो. कानावरचें शिरीषपुष्प राहिलें, मालिनीतीरींचीं हंसमिथुनें राहिलीं, असें त्यास वाटतें. चित्रकारास तीं मागाहून घालतां येतात. छायाचित्रकारास ती सोय नाहीं. समोर असेल तें सारें यंत्र घेतें. म्हणून त्याची कला भर घालण्यांत नसून वगळण्यांत व थांबण्यांत आहे.

आमच्या राजोडीच्या किनाऱ्यावर सायंकाळीं मोबाइल उंचावून सूर्यास्ताचीं वीस-वीस चित्रें घेणारी मंडळी दिसते. सुरूंच्या बनांत उजेड तिरपा शिरेपर्यंत थांबतो कोण? दादासाहेब फाळके थांबत असत. गोध्र्यास छायाचित्रणाचा धंदा केलेल्या या पुरुषानें १९१२ सालीं कुंडींतील वाटाण्याच्या रोपाची वाढ, दिवसांमागून दिवस एकेक चित्र घेत, पडद्यावर आणिली. यंत्र तेंच, धीर त्यांचा!

जुन्या छायाचित्रांत आमचे वाडवडील काठीसारखे ताठ दिसतात. कांचेवर प्रतिमा उमटावयास वेळ लागे, हलण्याची मुभा नसे. आतां ती अडचण उरली नाहीं, तरी आजीस भिंतीपाशीं उभें करून पदर नीट करावयास आपण सांगतोंच! वाती वळणारे तिचे हात किती घरांत जपले आहेत? ज्या नातीजवळ यंत्र असेल तिनें खिडकीच्या उजेडांत ते अवश्य टिपावे. मागें दोरीवर लोंबणारा पंचा मात्र आधीं काढावा.