बिंदू भरला, पुढे काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२६च्या समता नियमावलीला सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारीला स्थगिती दिली आणि आमच्या महाविद्यालयात ती फाईल त्याच आठवड्यात बांधून ठेवली गेली, असे सातारा-सांगलीचे वाचक कळवत आहेत. स्थगिती म्हणजे सुटका नव्हे. २०१२ची नियमावली लागूच आहे. मात्र ती विद्यार्थ्यांपुरती आहे. जातीवरून टोमणे ऐकणाऱ्या प्राध्यापकाने किंवा शिपायाने कुणाकडे जायचे, हे ती सांगत नाही.

आरक्षणाची बिंदुनामावली शासनाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून आली आणि जागा भरली, की आपले कर्तव्य संपले असे संस्थाचालक धरून चालतात. पत्रांतली तक्रार त्यानंतरची आहे. राखीव जागेवर आलेल्या प्राध्यापकाकडे वर्षानुवर्षे शिष्यवृत्तीचे अर्ज, मागासवर्गीय कक्ष आणि १४ एप्रिलचा कार्यक्रम. परीक्षा, खरेदी, प्रवेश, आयक्यूएसी मात्र ठरलेल्या आडनावांकडे. मग कॅसच्या बढतीच्या वेळी त्याच प्राध्यापकाला ‘महत्त्वाच्या समित्यांवर अनुभव नाही’ असे ऐकवायचे! एका वाचकाच्या महाविद्यालयात मागासवर्गीय कक्षाच्या वर्षभराच्या सभांची इतिवृत्ते नॅकची समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत लिहिली गेली. सभा एकही झाली नव्हती. सदस्यांनी मुकाट सह्या केल्या, आणि ते सदस्य आपल्यातलेच होते. दाद मागावी तर कक्षाचे अध्यक्ष प्राचार्य आणि गोपनीय अहवालावर शेराही प्राचार्यांचाच.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, म्हणून तो दिवस आपण विद्यार्थी दिवस पाळतो. याच साताऱ्यात भाऊराव पाटलांनी शंभर वर्षांपूर्वी सगळ्या जातींची मुले एका वसतिगृहात ठेवली, एका पंगतीला जेवायला बसवली. त्या मुलांना जे जमले ते पीएच.डी. झालेल्यांना स्टाफरूममध्ये जमू नये, याची चीड येते.

मित्रहो, निकालाची वाट पाहू नका. जूनमध्ये समित्या नव्याने ठरतील. त्याआधी गेल्या पाच वर्षांच्या समित्यांची यादी प्राचार्यांकडे लेखी मागा, स्टाफ कौन्सिलमध्ये वाचून दाखवा आणि चर्चा इतिवृत्तात घ्यायला लावा. कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी बाहेरचा सदस्य असलेली समिती मागा. तिला कोणत्याही न्यायालयाची मनाई नाही. न झालेल्या सभेच्या इतिवृत्तावर सही करू नका. समित्यांच्या याद्या आमच्याकडे पाठवा. पाठवणाऱ्याचे नाव गुप्त ठेवून त्या जुलैच्या अंकात छापू.