88 हजारांचं खेळणं: मोठ्यांचा लेगोचा छंद नेमका कितीला पडतो?

ऑक्टोबर 2025 मध्ये लेगो कंपनीने 'स्टार वॉर्स'मधल्या डेथ स्टारचा नवा सेट बाजारात आणला. तुकडे 9,023 आणि अमेरिकेतली किंमत 999.99 डॉलर. त्या वेळच्या दराने हे 88 हजार रुपयांच्या पुढे जातात, आणि त्यात आपल्याकडचे कर अजून धरलेलेच नाहीत. बॉक्सवर वयोगट लिहिलाय 18+. म्हणजे हे खेळणं लहान मुलांसाठी नाहीच. ते पगार घेणाऱ्यांसाठी आहे.

मी विरारला राहतो. आपल्या वसई-विरार पट्ट्यातही हा छंद आता दिसायला लागलाय. कुणाच्या टीव्हीखाली प्लास्टिकच्या ठोकळ्यांची रेसिंग कार असते, कुणाच्या खिडकीत कधीच न सुकणारा फुलांचा गुच्छ. बघायला छानच वाटतं. पण 'कितीला पडलं?' विचारलं की बहुतेक जण एका बॉक्सची किंमत सांगतात, वर्षाचा खर्च सांगत नाहीत. खरा हिशोब तिथेच लपलेला असतो. चला, तो उघडून बघूया.

मोठी माणसं खेळणी का घेतायत?

लेगो ही डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची, 1932 साली सुरू झालेली कंपनी. आज आपण पाहतो त्या ठोकळ्याचं पेटंट 1958 चं. अनेक दशकं गिऱ्हाईक म्हणजे लहान मुलंच. 2020 मध्ये कंपनीने मोठ्यांच्या सेटवर ठळकपणे 18+ छापायला सुरुवात केली. काळे बॉक्स, गंभीर फोटो, आणि विषय कोणते? टायटॅनिक, आयफेल टॉवर, गाड्या, फुलं.

ही चाल चालली. 2024 मध्ये लेगोची उलाढाल 74.3 अब्ज डॅनिश क्रोनर झाली, आदल्या वर्षापेक्षा 13 टक्के जास्त. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या सर्काना या संस्थेच्या आकड्यांनुसार 2024 च्या सुरुवातीच्या महिन्यांत अमेरिकेत 18 वर्षांवरच्या लोकांसाठीच्या खेळण्यांची विक्री 3 ते 5 वयोगटातल्या मुलांच्या खेळण्यांपेक्षा पहिल्यांदाच जास्त झाली.

कारण समजायला अवघड नाही. लहानपणी जे परवडलं नाही ते आता स्वतःच्या पैशाने घेता येतं. शिवाय दिवसभर मोबाईल बघून झाल्यावर दोन तास हाताने काहीतरी जोडत बसणं डोक्याला बरं वाटतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. छंदाला पैसे लागतातच. प्रश्न फक्त किती लागतात, आणि ते आपण ठरवतो की दुसरं कुणी, एवढाच आहे.

भारतात हाच बॉक्स महाग का?

लेगोचे कारखाने डेन्मार्क, हंगेरी, चेक प्रजासत्ताक, मेक्सिको, चीन आणि 2025 पासून व्हिएतनाममध्ये आहेत. भारतात एकही नाही. म्हणजे इथे येणारा माल आयात केलेला.

देशात खेळणी बनवण्याच्या उद्योगाला बळ मिळावं म्हणून सरकारने 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 वरून 60 टक्के केलं आणि 2023 मध्ये 70 टक्के. त्यावर जीएसटी. सप्टेंबर 2025 मध्ये इलेक्ट्रॉनिक नसलेल्या खेळण्यांचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा.

एक नमुना हिशोब करू. समजा बंदरावर उतरताना एका सेटची किंमत 5,000 रुपये आहे. 70 टक्के शुल्क म्हणजे 3,500. झाले 8,500. त्यावर 5 टक्के जीएसटी 425. एकूण 8,925. यात आयातदाराचा नफा, गोदाम, वाहतूक आणि दुकानदाराचं मार्जिन अजून आलेलंच नाही. म्हणूनच इंग्रजी यूट्यूबर 'फक्त इतके डॉलर' म्हणतो तेव्हा त्या डॉलरला त्या दिवशीच्या दराने गुणून थांबू नका. आपली किंमत त्याहून बरीच वर असते.

यामुळेच इथे अनेक जण गल्फमधल्या किंवा बोटीवरच्या नातेवाइकाला 'येताना एक बॉक्स आण ना' असं सांगतात. प्रवाशाच्या सामानाला ठरावीक मर्यादेपर्यंत शुल्कमाफी असते, त्यामुळे एखादा सेट आणणं चालतं. पण भेट म्हणून आणणं वेगळं आणि विकायला पाच बॉक्स आणणं वेगळं, हे लक्षात ठेवा.

खर्च एका बॉक्सवर थांबत का नाही?

इथे कंपनीचं खरं कौशल्य आहे. लेगोचा कुठलाही सेट कायम मिळत नाही. बरेचसे सेट साधारण दीड-दोन वर्षांत बंद होतात. छंद करणारे त्याला 'रिटायर होणं' म्हणतात. मग यूट्यूबवर 'या महिन्यात रिटायर होणारे सेट' अशा याद्या फिरतात. गरज नसतानाही वाटतं, आत्ता नाही घेतलं तर कधीच मिळणार नाही.

त्यात मालिका. एक रेसिंग कार घेतली की शेजारी दुसऱ्या टीमची कार हवी. एक गुच्छ झाला की कुंडी हवी. शिवाय ठरावीक रकमेच्या खरेदीवर छोटा सेट फुकट, आणि तोही काही दिवसच.

आता गंमत बघा. 88 हजारांचा डेथ स्टार घेणारा आपल्याला वेडा वाटतो. पण दर महिन्याला 3,000 चा एक छोटा बॉक्स घेणारा वर्षाला 36 हजार घालवतो, आणि अडीच वर्षांत 90 हजार. म्हणजे डेथ स्टारइतकेच, फक्त कुणाच्या डोळ्यावर न येता. घरच्यांच्याही नाही, आणि कधीकधी स्वतःच्याही नाही.

जागेचं भाडं कोण धरतं?

टायटॅनिकचा सेट 9,090 तुकड्यांचा आहे आणि जोडल्यावर 135 सेंटिमीटर लांब होतो. आयफेल टॉवरची उंची 149 सेंटिमीटर. नालासोपारा-विरारच्या वन बीएचकेमध्ये हे ठेवणार कुठे? मग काचेचं कपाट आलं, आतले दिवे आले. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातला ओलावा वेगळाच. उन्हात ठेवलं तर पांढरे ठोकळे वर्षांनुवर्षांत पिवळट पडतात. बॉक्स टाकून दिला तर विकताना भाव कमी येतो, म्हणून रिकामे बॉक्सही माळ्यावर. हा सगळा खर्च बिलावर कधीच दिसत नाही.

'ही तर गुंतवणूक आहे': खरंच?

हे वाक्य तुम्ही रीलमध्ये नक्की ऐकलं असेल. त्याला आधार आहे एका रशियन विद्यापीठातल्या संशोधनाचा. 1987 ते 2015 या काळातल्या 2,300 हून जास्त सेटच्या किमती तपासल्या, तर दुय्यम बाजारात सरासरी वार्षिक परतावा किमान 11 टक्के निघाला. रील इथेच संपते. पण त्याच अभ्यासात काही सेटवर 50 टक्के तोटा आहे आणि काहींवर 600 टक्के फायदा. म्हणजे सरासरी छान, पण तुमच्या हातातला बॉक्स कुठल्या टोकाचा, ते आधी कळत नाही.

आपल्या ताजमहालचंच उदाहरण घ्या. 2008 साली लेगोने 5,922 तुकड्यांचा ताजमहाल काढला. बंद झाल्यावर त्याची किंमत मूळच्या कितीतरी पट झाली. लोकांनी तो सोन्यासारखा जपून ठेवला. 2017 मध्ये कंपनीने जवळजवळ तोच सेट पुन्हा बाजारात आणला, आणि जुन्या बॉक्सची हवा गेली. पुरवठा ज्याच्या हातात, भावही त्याच्याच हातात.

भारतात अजून एक अडचण आहे. परदेशात ब्रिकलिंकसारखा मोठा बाजार आहे (2019 मध्ये तो लेगोनेच विकत घेतला). आपण घेतो करासकट चढ्या भावाने, आणि विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणजे चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तिकडचा परतावा इकडे जसाच्या तसा मिळेल असं मी तरी धरणार नाही. आवडतो म्हणून घ्या. नफ्यासाठी घेऊ नका.

ईएमआयवर खेळणं

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. 20-25 हजार पगाराच्या मुलाला अ‍ॅप सांगतं, 'नो-कॉस्ट ईएमआय'. यात व्याज गायब होत नाही. व्याजाइतकी सूट दुकानदार आधी देतो आणि बँक ते व्याज लावते. पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी तुमच्याकडून जातो, आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फीसुद्धा. रक्कम छोटी असते, म्हणून लक्षात येत नाही. खरा फटका हप्ता चुकल्यावर बसतो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे.

माझा नियम साधा आहे: ज्या खेळण्यासाठी हप्ता लागतो, ते खेळणं अजून आपल्याला परवडत नाही.

स्वस्त पर्याय: कॉपी आणि कंपॅटिबल यात फरक आहे

ठोकळ्याच्या मूळ पेटंटची मुदत कधीच संपली. 2005 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि 2010 मध्ये युरोपियन न्यायालयाने ठोकळ्याच्या आकारावर लेगोला ट्रेडमार्कचा हक्क नाकारला. त्यामुळे लेगोला जुळणारे ठोकळे स्वतःच्या नावाने, स्वतःच्या डिझाइनने विकणं हा रीतसर धंदा आहे. पण लेगोचा आख्खा सेट, बॉक्सचं चित्र आणि छोटी माणसं चोरून विकणं हा गुन्हा. चीनमध्ये 'लेपिन'वाल्यांवर 2019 मध्ये धाड पडली आणि पुढच्या वर्षी मुख्य सूत्रधाराला सहा वर्षांची शिक्षा झाली.

गुणवत्तेचा फरकही खरा आहे. आपल्या वसई पूर्वेला, वालीव-गोखिवरे-सातिवलीच्या गाळ्यांमध्ये प्लास्टिक मोल्डिंग चालतं. तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा, साचा जितका अचूक तितका महाग. लेगोच्या साच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही फरक चालत नाही, म्हणून जुना-नवा ठोकळा एकमेकांत घट्ट बसतो. स्वस्तातले काही चांगले निघतात, काही सैल. घरात लहान मूल असेल तर आयएसआय चिन्ह बघूनच घ्या. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते 1 जानेवारी 2021 पासून बंधनकारक आहे.

आणि इन्स्टाग्रामवर '90 टक्के सूट, आज शेवटचा दिवस' दिसलं तर सरळ पुढे सरका. पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितकी ते परत मिळण्याची आशा कमी.

मग करायचं काय?

एक, वर्षाचं बजेट आधी लिहा, बॉक्स नंतर निवडा. महिन्याला नाही, वर्षाला.

दोन, किमतीला जोडायच्या तासांनी भागा. 3,000 चा सेट एका संध्याकाळी तीन तासांत संपला, तर तासाला हजार रुपये पडले.

तीन, जे आहे ते मोडून पुन्हा जोडा. ब्रिकिट अ‍ॅप मोबाईलच्या कॅमेऱ्याने तुमच्या ठोकळ्यांचा ढीग ओळखतं आणि त्यातून काय बनेल ते सुचवतं. रिब्रिकेबलवर एकाच सेटमधून दुसरं मॉडेल करायचे नकाशे मिळतात, बरेचसे फुकट.

चार, कॉम्प्युटर असेल तर ब्रिकलिंकचं 'स्टुडिओ' हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात ठोकळे संपत नाहीत. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये जिंकलेला आपला वसईचा किल्ला त्यात बांधून बघा. जमला, तर तो 'लेगो आयडियाज'वर पाठवता येतो. 10,000 लोकांनी पाठिंबा दिला तर कंपनी त्याचा विचार करते, आणि सेट खरंच बाजारात आला तर डिझाइन करणाऱ्याला निव्वळ विक्रीच्या 1 टक्का रॉयल्टी मिळते.

दिवाळीत आपण दगड-मातीचा किल्ला करायचो तेव्हा बजेट शून्य होतं आणि मजा पूर्ण. ठोकळ्यांचा किल्लाही तसा करता येतो. फक्त पुढचा बॉक्स कधी घ्यायचा, हे 'रिटायर होणाऱ्या सेट'ची यादी न ठरवता तुम्ही ठरवा.