मे महिन्यात परसबागेला पाणी कोण घालणार?

जूनच्या मध्यास राज्यातील बहुतेक शाळा उघडतात, तेव्हा मृग नक्षत्र लागून आठवडा उलटलेला असतो. शालेय परसबागेला याहून चांगला मुहूर्त नाही. दोडका, कारले, दुधी, काकडी यांची आळी करावीत, कुंपणाला वाल आणि तांबडा भोपळा सोडावा, म्हणजे गौरी-गणपतीच्या सुमारास मांडवावर काकड्या लोंबू लागतात. भाद्रपदात गादीवाफ्यावर टाकलेली वांगी-टोमॅटोची रोपे दसऱ्याच्या आसपास लागवडीला येतात. त्याच सुमारास मेथी, पालक, मुळा आणि कोथिंबीर पेरली की थंडीभर शाळेच्या पातेल्यात हिरवा पाला पडत राहतो.

केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २०१९ साली शालेय पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. त्यामागील हेतूविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि परसबागेमुळे शाळा भाजीपाल्यात स्वयंपूर्ण होईल, असे उत्साहाच्या भरात सांगितले जाते, तेव्हा साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडून पाहावा. पोषण आहाराच्या निकषानुसार प्राथमिक वर्गातील मुलाला दररोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळावयास हवी. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेला रोज पाच किलो, म्हणजे दोनशे दिवसांना एक हजार किलो भाजी लागेल. इमारतीमागच्या अर्ध्या गुंठ्यातून, तेही शिक्षक व मुलांच्या फावल्या वेळात, एवढी भाजी निघणे नाही. म्हणून परसबाग आहे या सबबीवर भाजीपाल्याच्या अनुदानाला कात्री लावण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर पालकांनी त्याला ठामपणे विरोध केला पाहिजे.

मग बागेचे प्रयोजन काय? ज्या मुलाने स्वतः मेथी पेरली, ते मूल ताटातली मेथी बाजूला सारत नाही, हा अनुभव कोणतीही शिक्षिका सांगेल. श्रम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचा विचार महात्मा गांधींनी १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडला होता. आज मात्र शहरातील पालक मुलाच्या गणवेशाला माती लागल्याची तक्रार घेऊन मुख्याध्यापकांकडे जातात, आणि काही ठिकाणी तण काढणे ही वात्रट मुलांसाठी राखून ठेवलेली शिक्षा असते! खुरपे हाती घेणे ही शिक्षा आहे असे ज्या मुलाला शिकवले, ते मोठेपणी शेतकऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहील?

खरा पेच पुढे आहे. शैक्षणिक वर्ष आणि मातीचे वर्ष यांचे जुळत नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन तापते, तेव्हाच शाळेला कुलूप लागते. एरवी हात-ताटे धुण्याचे पाणी केळीला आणि अळवाला जाते. जेवणच बंद झाले की तेही आटते. जूनमध्ये मुले परततात ती वाळल्या काटक्यांकडे, आणि दरवर्षी आरंभ शून्यापासून होतो. शेवगा व कढीपत्ता मुळे धरल्यावर तगतात, पण पहिला उन्हाळा त्यांनाही कोणीतरी जगवावा लागतो.

बियाण्याचेही तसेच. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला, तो गावरान बियाणे जतन केल्याबद्दल. प्रत्येक वेलावरचा एखादा दोडका वा भोपळा बियांसाठी पूर्ण पिकू द्यावा, बी राखेत घोळून डब्यात ठेवावे, हे काम शाळेला सहज जमण्याजोगे आहे. संकरित वाणाचे बी धरून मात्र उपयोग नाही. पुढील पिढी मूळ गुणाची निघत नाही. म्हणून पहिले बी गावातल्याच आजीबाईंच्या गाडग्यातून यावे.

सुट्टीतील पाण्याचा भार तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या स्वयंपाकी ताईंवर किंवा निवडणूक-जनगणनेने आधीच वाकलेल्या शिक्षकांवर टाकणे अन्यायाचे होईल. शाळेलगतच्या पाच-सात घरांनी एकेक वाफा वाटून घ्यावा आणि सुट्टीतली भेंडी-गवार, चवळई ज्याने पाणी घातले त्याच्याच घरी जावी. जिथे गावालाच टँकर येतो, तिथे भाजीचा आग्रह सोडून केवळ शेवग्याची झाडे जगवावीत. शाळेची किल्ली कोणाकडे राहील आणि पाणी कुठून घ्यायचे, हे मात्र वार्षिक परीक्षेपूर्वीच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरवून घ्यावे लागेल. त्या समितीत पालक बहुसंख्य असतात. विषय त्यांनीच काढावा.