प्रौढांचे गुरुजी कसे घडावेत?



आपल्या वस्तीत निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांच्याच शेजारी कागदावर अंगठा उठविणारी माणसेही आहेत. प्रौढांना कसे शिकवावे, याचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम या निवृत्तांसाठी आखावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जन्मभर मुलांना शिकविलेल्या गुरुजींना पुन्हा काय शिकवायचे, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. प्रौढ मनुष्य म्हणजे मोठे झालेले मूल नव्हे. तो स्वतःच्या गरजेने शिकतो, अनुभव बरोबर आणतो आणि अपमान झाला की परत येत नाही.

म्हणून पहिला धडा छडी व दरडावणी विसरण्याचा असावा. दुसरा, सातबारा, शिधापत्रिका आणि जातीचा दाखला यांवरून वाचन शिकविण्याचा. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या सवलती मिळाल्या. परंतु दाखल्यावर काय लिहिले आहे हे ज्यास वाचता येत नाही, त्याचा हक्क कारकुनाच्या लेखणीत अडकतो. प्रत्येक पाठ फोनवर पंधरा मिनिटांत संपावा आणि पुढील पाठापूर्वी एका प्रौढास प्रत्यक्ष शिकवून पाहावे. काठावर बसून पोहणे येत नाही.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. सोय शिकणाऱ्याची पाहावयाची, हा त्यातील बोध. आपल्या घरातील निवृत्त गुरुजींना व बाईंना आजच विचारा. फोन मुले लावून देतील.

जय भीम!