ळ कुठे लपलाय?

फोन हातात आहेच, तर एक करून बघा. मेसेजच्या चौकटीत ‘बाळ’ लिहा. पाठवू नका, नुसतं लिहा.

मराठी कीबोर्ड असेल तर दोन सेकंदांचं काम आहे. पण आपल्या रायपुरात बऱ्याच मराठी घरांतल्या फोनवर हिंदी कीबोर्डच असतो, कारण फोन सुरू करून देताना दुकानदाराने ‘हिंदी कि अंग्रेज़ी?’ एवढंच विचारलेलं असतं. अशा कीबोर्डवर ळ बहुतेक वेळा समोर दिसत नाही. ‘ल’ दाबून धरला तर कधीकधी वर उगवतो. हे ठाऊक नसेल तर ‘बाळ’चा ‘बाल’ होतो, ‘गोळी’ची ‘गोली’ होते आणि ‘काळ’ तर थेट ‘काल’च होऊन बसतो!

माझी आजी घरच्या ग्रुपवर असंच लिहायची. तिची जुनी पत्रं आमच्याकडे आहेत, त्यात एकही ळ चुकलेला नाही. पण फोनवर चारदा ‘बाला’ झाल्यावर ती म्हणाली, “आता मराठी विसरले गं मी.” तेव्हापासून ती फक्त फुलं आणि हात जोडलेली चित्रं पाठवते. मला यातलं ‘विसरले’ फार खटकतं. ती काही विसरली नव्हती. अक्षर लपवून ठेवलं होतं.

डिझाइनच्या जगात याबद्दल डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी संशोधकाचं नाव घेतात. 1988 मध्ये त्यांचं रोजच्या वापरातल्या वस्तूंवरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं साधं आहे: दार ओढायचं की ढकलायचं हे कळत नसेल, तर चूक माणसाची नाही, दाराची. वस्तूने स्वतःच सांगावं की मला इथे धर, इथे दाब. ‘दाबून धरा’ ही खूण तशी नाही. ती पडद्यावर कुठेच लिहिलेली नसते, कुणीतरी दाखवावी लागते. तीन आडव्या रेघांचंही तेच. त्यामागे मेनू असतो हे आपल्याला सवयीने कळतं. ते चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी 1981 च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी काढलं होतं. म्हणजे ते माझ्याहून बरंच वयस्कर आहे, तरी आत काय आहे हे पहिल्यांदा बघणाऱ्याला आजही सांगत नाही. 2018 मध्ये संचार क्रांती योजनेतून छत्तीसगडमधल्या लाखो बायकांना स्मार्टफोन मिळाले. त्यांतल्या कितीतरी जणींनी त्याआधी संगणकाला हातही लावला नसेल. त्यांना या खुणा कुणी शिकवायच्या?

वापरणाऱ्याचा विचार आधी करून वस्तू बनवता येते, हे आपण पाहिलेलं आहे. 2003 चा नोकिया 1100 आठवतो? (लहान मंडळींनी बाबांना विचारा.) कळफलक अखंड रबराचा, म्हणजे आत धूळ जाणार नाही. कडा खरबरीत, म्हणजे घामट हातातून निसटणार नाही. वीज गेली की एक बटण दाबून धरायचं आणि टॉर्च. हेही ‘दाबून धरा’च झालं म्हणा, पण ते एकच होतं आणि शेजारच्याने एकदा दाखवलं की जन्मभर पुरायचं. जगभरात असे 25 कोटींहून जास्त फोन विकले गेले. शिवाय 5 च्या कळीवर बारीकसा उंचवटा असायचा, अंधारातही बोटाला पत्ता लागायचा. काचेच्या पडद्यावर तो पत्ता हरवला, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने ओलं झालेलं बोट तर काचेला नीट ओळखूही येत नाही.

मराठी लिहिण्यासाठीही असा विचार झाला आहे, आणि तो मुंबईत झाला. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ नावाचा कीबोर्ड बनवला. त्यात अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात. ‘क’वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती का, कि, की, कु, कू असं चक्र उमलतं. हव्या त्या बाजूला बोट सरकवलं की झालं. पाय मोडका निवडला, तर पुढे कोणतं जोडाक्षर तयार होईल ते कळांवरच दिसतं. मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की यात नवीन काही शिकायचं नाही. ज्याने पहिलीत बाराखडी घोकली, त्याला नकाशा पाठच आहे. संगणकावरचा इनस्क्रिप्ट कळफलकही हुशार आहे, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. पण तो दहा बोटांसाठी आखलेला, फोनवर आपण एका अंगठ्याने लिहितो.

मराठीच्या गरजा थोड्या वेगळ्या आहेत, हे हिंदीच्या शेजारात राहून आपल्याला जास्त जाणवतं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, दोन्ही लिहिता यायला हवेत. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 मध्ये मिळाली. हिंदीवाले ‘ऐप’ लिहून मोकळे होतात, आपलं ‘ॲप’ त्याशिवाय अडतं.

घरातल्या मोठ्यांसाठी एवढं या रविवारी करा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा जोडायचा पर्याय असतो, तिथे हिंदी आधीपासून असली तरी मराठी वेगळी निवडा. लिपी एकच असल्याने बरेच जण इथेच थांबतात. कळ दाबल्यावर फोन हलका थरथरेल, ती सोयही चालू करा, म्हणजे अक्षर उमटलं की नाही ते बोटालाच कळतं. कीबोर्डची उंची आणि अक्षरांचा आकार वाढवा. टाइप करायचा कंटाळा असेल तर माइकचं चिन्ह दाखवा, बोललेली मराठी फोन लिहून देतो. आणि हे सगळं स्वतः पटापट करून फोन परत देऊ नका. त्यांच्याच बोटाने करू द्या, वेळ लागला तरी चालेल.

आजीच्या फोनवर मी मराठी जोडून दिली. तिने पहिला शब्द लिहिला ‘पोळी’, आणि मग काकाला मेसेज गेला: “उद्या पुरणपोळी आहे, वेळेवर या.”