मर्दानी मोरी

बॅचलर क्लायंट समोर येऊन बसला की त्याच्या मोबाइलमधून काय निघणार, हे मला आता पाठ झालंय. काळंकुट्ट बाथरूम! फरशीपासून सीलिंगपर्यंत चकचकीत काळ्या टाइल्स, काळे नळ, काळं कमोड, कोपऱ्यात एकुलता एक पिवळा दिवा आणि आरशासमोर ओल्या केसांचा कुणी सिक्स-पॅकवाला. ‘असं हवंय मॅडम. एकदम मॅस्क्युलिन!’

फोटो छानच असतो. मी तो नीट बघते आणि पहिला प्रश्न टाकते, ‘पाणी कुठलं येतं? कॉर्पोरेशनचं की टँकरचं?’ पोरगा गोंधळतो. पौरुषाचा आणि टँकरचा काय संबंध?

आहे ना बॉस! पुण्याच्या कडेकडेने वाढलेल्या कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरवर जगतात. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. थेंब वाळला की ते मागे राहतात. करड्या टाइलवर चटकन दिसत नाहीत, चकचकीत काळ्यावर मात्र थोड्याच दिवसांत पांढरे ओघळ उठतात. शिवाय फोटोतलं बाथरूम आपल्या हॉलएवढं असतं. आपलं ५ बाय ८ फूट, त्यात फॉल्स सीलिंगने उंचीही खाल्लेली. सगळीकडून काळं केलं तर कपाटात उभं राहून आंघोळ केल्यासारखं वाटतं.

मुळात रंगाला बायकी-पुरुषी ठरवणं ही निव्वळ फॅशन. १९५० च्या दशकात अमेरिकेत गुलाबी बाथरूम्सची लाट होती. त्यात मोठा हात होता राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांच्या गुलाबी वेडाचा. तिथले बाप्ये त्याच गुलाबी बेसिनवर निमूटपणे दाढ्या करून ऑफिसला जात होते!

मला विचाराल, तर सगळ्यात मर्दानी बाथरूम म्हणजे जुन्या वाड्यातली न्हाणी. खाली शहाबादी फरशी, कडेला कडाप्प्याची जाड फाडी, तांब्याचा बंब, पितळी घंगाळ. बस. दोन दगड, दोन धातू, सगळं जाड, जड आणि अस्सल. (तो बंब चिंचेने घासून लख्ख ठेवायच्या मात्र घरातल्या बायकाच, हे जाता जाता.) तुम्हाला ज्याला ‘मॅस्क्युलिन लुक’ म्हणायचंय, तो खरं तर हाच आहे. मोजकं सामान, खरखरीत पोत, नक्षीला सुट्टी.

म्हणून माझा फंडा सोपा आहे. काळी करायची तर एकच भिंत, शॉवरच्या समोरची, आणि तीही मॅट. बाकी करडं, सिमेंटच्या रंगाचं. जमिनीला पॉलिश केलेला ग्रॅनाइट चुकूनही नको, ओल्या पायाखाली तो साबणासारखा सरकतो. लेदर फिनिश किंवा फ्लेम्ड घ्या. कडाप्पा हवाच असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. कडाप्पा, कोटा, शहाबादी हे सगळे चुनखडीचे दगड. त्यांना ॲसिड खातं. डाग काढायला व्हिनेगर लावा, लिंबू लावा, किंवा मावशींनी आपल्या मनाने ॲसिडची बाटली ओता, दगडाची रया गेलीच समजा. काळ्या नळांच्या कोटिंगचंही तेच.

‘साफ कोण करणार?’ हा माझा दुसरा प्रश्न. उत्तर नेहमी एकच, ‘मावशी येतात ना!’ मावशी सकाळी दहा वाजता येतात, तोपर्यंत क्षार वाळून बसलेले असतात. त्यामुळे शॉवरशेजारी मी एक हुक लावते आणि त्यावर वायपर टांगते. आंघोळ झाली की एक मिनिट काच आणि काळी भिंत ओढायची, स्वतःच्या हाताने. हे जमणार नसेल, तर काळ्या भिंतीचा नाद सोडा. मी स्पष्ट सांगते. दोघे-तिघे चिडलेही आहेत.

आरशाबद्दल मात्र पोरांना भरभरून द्यायला मी तयार असते. दाढी करायची तर वरचा एकटा दिवा कुचकामी, हनुवटीखाली सावली पडते. दिवे आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर हवेत. बेसिन साधारणपणे ३२ इंचांवर बसवतात. सहा फुटी माणसाला ते ३५ वर घ्या, पाठ दुवा देईल. ट्रिमरसाठी सॉकेट हवं, पाण्यापासून लांब. आणि आरशाच्या मागे पाच इंच खोल कपाट हवंच हवं. ‘मेट्रोसेक्शुअल’ हा शब्द मार्क सिम्पसन या ब्रिटिश लेखकाने १९९४ मध्ये काढला. आपल्या पोरांनी तो शब्द टाकला, पण बाटल्या ठेवल्या. बिअर्ड ऑइल, फेसवॉश, सनस्क्रीन, तीन प्रकारचे शाम्पू... परवा एकाकडे मोजल्या, चौदा!

आता ज्या बाथरूमचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं, त्याबद्दल. मुलगा एकतीस वर्षांचा, बाणेरला फ्लॅट. बाबा कराडला, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, नंतर तीन महिने इथे राहणार. ‘बाबांसाठी आधाराचा रॉड लावू या,’ मी म्हटलं. मुलगा म्हणाला, ‘हॉस्पिटल लुक नको हं मॅडम.’ बाबा त्याच्याही पुढे. ‘मी काय म्हातारा झालोय?’ विषय संपला. मग स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता आईंनी हळूच सांगितलं, ‘ताई, नळ धरून उठतात हो ते. दोनदा पडलेत. कुणाला सांगू देत नाहीत.’

मी वाद घातला नाही. मॅट काळ्या रंगाचा ३२ मिलिमीटर जाडीचा स्टीलचा दांडा आणला, एक कमोडशेजारी, एक शॉवरपाशी. ड्रॉइंगवर लिहिलं, ‘टॉवेल रॉड’. आईंना आणि मुलाला तेवढं खरं काय ते सांगितलं. नव्या बिल्डिंगच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, साधा स्क्रू-प्लग माणसाच्या वजनाला टिकत नाही. म्हणून केमिकल अँकर वापरले आणि मिस्त्रीला दोन्ही दांड्यांवर लटकून दाखवायला लावलं. काळ्या भिंतीला अठरा इंच उंचीवर ग्रॅनाइटचा कट्टा केला. मुलाने मित्रांना सांगितलं, ‘स्पा बेंच आहे.’ दार बाहेर उघडणारं केलं. आत कुणी दाराला टेकून पडलं, तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येते.

ऑपरेशननंतर महिन्याभराने शॉवरची एक गळती बघायला गेले, तेव्हा काका स्वतः दाखवायला आत आले, एक हात दांड्यावर, नॅपकिन खांद्यावर. ‘टॉवेलचा रॉड भक्कम केलात हो ताई. हल्ली असं काम कोण करतं?’ मुलगा माझ्याकडे बघेना.

काकांची तक्रार एकच होती, पाणी बंबासारखं कढत येत नाही. गीझरचा थर्मोस्टॅट मी मुद्दाम खाली आणून ठेवलाय, तेवढं त्यांना अजून माहीत नाही.