नाव कोनाचे, कॉफी कोणाची?

हवाईच्या विधिमंडळाने २०२४ साली कॉफीच्या वेष्टनासंबंधी जो कायदा केला, तो वरकरणी अगदी किरकोळ वाटतो. ‘कोना’सारखे प्रादेशिक नाव मिरविणाऱ्या मिश्र कॉफीत त्या प्रदेशाची कॉफी किमान किती असावी, एवढाच त्याचा विषय. १९९१ च्या कायद्याने हे प्रमाण शेकडा १० ठरविले होते. १ जुलै २०२७ पासून ते शेकडा ५१ असावे, असे नवा कायदा सांगतो. परंतु या आकड्यांच्या बदलामागे एक मूलभूत प्रश्न आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने एखाद्या गावाच्या नावाला जी किंमत येते, ती कोणाच्या पदरात पडावी?

कोना हा हवाईच्या मोठ्या बेटाचा पश्चिमेकडील, ज्वालामुखींच्या उतारावरचा चिंचोळा पट्टा. तेथे कॉफीची लागवड १८२८ पासून होत आली आहे. १८९९ मध्ये जागतिक बाजारात भाव कोसळले, तेव्हा मोठे मळे मोडून त्यांचे लहान तुकडे प्रामुख्याने जपानी कुटुंबांना खंडाने देण्यात आले. आजही तेथील बहुतेक बागा चार-पाच एकरांच्याच आहेत. मजुरी अमेरिकेच्या दराने, तोडणी हाताने. त्यातच २०१० मध्ये फळ पोखरणारा भुंगा आणि २०२० मध्ये पानांवरचा तांबेरा आला. असा शेतकरी मध्य किंवा दक्षिण अमेरिकेतील कॉफीशी भावात स्पर्धा करू शकत नाही. त्याचे भांडवल एकच, ते म्हणजे नाव.

१९९१ च्या नियमाने या भांडवलाचे काय केले, हे साध्या त्रैराशिकाने कळते. व्यापाऱ्याने कोनाची शंभर पोती विकत घ्यावीत, त्यांत बाहेरची स्वस्त नऊशे पोती मिसळावीत आणि कोनाच्या नावाची हजार पोती बाजारात आणावीत. हे सारे कायदेशीर! नावाचा वाढावा हजार पोत्यांवर मिळतो. शेतकऱ्याला मोल मिळते ते शंभरांचे. शिवाय ही हजार पोती त्याच्याच शुद्ध मालाशी स्पर्धा करतात. टक्केवारी वेष्टनावर छापलेली असते हे खरे. पण गिऱ्हाईक नाव वाचते, टक्केवारी क्वचितच. मिश्रण पिऊन ‘कोना म्हणतात ती हीच काय?’ असे ज्याला वाटले, तो पुन्हा शुद्ध कोनासाठी चढा भाव कशाला मोजेल?

मिश्रण करणाऱ्यांचा युक्तिवादही ऐकून घेतला पाहिजे. प्रमाण ५१ वर नेले तर पिशवी महाग होईल, खप घसरेल आणि आज मिश्रणात खपणारी कोनाची दुय्यम प्रतीची कॉफी शेतकऱ्याच्याच घरी पडून राहील, असे ते म्हणतात. ही भीती निराधार नाही. पण हिशेब पुरा करावयास हवा. प्रमाण पाचपटीहून किंचित अधिक वाढत असल्यामुळे, मिश्रणाचा खप पाचव्या हिश्शावर आला तरी कोनाच्या कॉफीची मागणी घटत नाही. त्याहून खाली खप गेला किंवा व्यापाऱ्यांनी कोनाचे नावच सोडून दिले, तरच शेतकऱ्याला झळ पोचेल. नाव सोडल्याने मात्र कोनाच्या नावाने चालणारी नकली विपुलताही संपेल. बदलाचा भार हळूहळू पेलता यावा म्हणून कायद्याने तीन वर्षांचा अवधी दिला आहे, तो त्यामुळे शहाणपणाचाच म्हटला पाहिजे.

नियम कागदावर असणे आणि बाजारात असणे यांत अंतर असते, हा धडाही कोनानेच दिला आहे. मध्य अमेरिकेतील कॉफी कोनाच्या पोत्यांत भरून विकली जात असल्याचे १९९६ मध्ये उघडकीस आले. राज्याचा कायदा राज्याबाहेरच्या बाजारावर चालत नाही. म्हणून कोनाच्या शेतकऱ्यांनी २०१९ मध्ये सिएटलच्या संघीय न्यायालयात अनेक भाजणावळवाल्यांवर व विक्रेत्यांवर दावा लावला. मातीतून बियांत उतरणाऱ्या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून कॉफीचे मूळ ओळखण्याची रासायनिक परीक्षा त्यात कामी आली. तडजोडीतून शेतकऱ्यांना मिळालेल्या रकमांची बेरीज चार कोटी डॉलरांच्या वर गेली. नावाच्या चोरीला किंमत असते, ती अशी.

आपल्याला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. भौगोलिक निर्देशांचा आपला कायदा १९९९ चा. त्याखाली २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी व अराकू खोऱ्यातील अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा यांना नोंदणी मिळाली. त्याआधी २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला ती मिळाली होती. खोट्या निर्देशाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही या कायद्यात आहे. परंतु कर्नाटकाचा आंबा देवगडच्या नावाने पेटीत बसतो, हे मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला कोणी सांगावयास नको. प्रमाणपत्र भिंतीवर टांगल्याने भाव चढत नाही. बागेपासून दुकानापर्यंत मालाचा माग ठेवावा लागतो, तपासणी करावी लागते आणि तिचा खर्च एकट्या बागायतदाराच्या माथी मारून चालत नाही.

शेकडा ५१ हा आकडाही वस्तुतः तडजोडच आहे. न्यायाची भाषा बोलावयाची तर प्रदेशाचे नाव ठळकपणे मिरविण्याचा अधिकार शंभर टक्के मालालाच असावा आणि मिश्रणाने स्वतःच्या नावावर जगावे. तोपर्यंत निदान निम्म्याहून अधिक माल तरी ज्याचे नाव त्याचा असावा, एवढी अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.